दशांश चिन्हानंतरचे सात अंक

या वेळची डाक उघडली आणि निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की दरवर्षी हेच होतं. काहींनी स्कोअरकार्डाचा फोटो जोडलाय. एकाने तर नुसता फोटोच पाठवलाय आणि खाली एक प्रश्नचिन्ह. मी ३१ वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं, त्या भांडवलावर उत्तरं देते. नावं-गावं कोणाचीच छापत नाही. बहुतेकांनी तशी विनंती केली आहे, आणि ज्यांनी केली नाही त्यांच्या आईवडिलांनाही छापलेलं आवडेल असं वाटत नाही.

प्रश्न : बाई, मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी एमएचटी-सीईटी दिली, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुप. मला सकाळचं सत्र आलं, तिला दुसऱ्या दिवशी दुपारचं. रिस्पॉन्स शीट आणि अँसर की समोर ठेवून मी तीनदा मोजलं. मला २०० पैकी १०४ पडतात, तिला ९७. निकालात मात्र मला ९१.८०४६२१३ आणि तिला ९२.६१०५९०४. सात मार्क कमी पडूनही ती माझ्या पुढे! बाबा म्हणतात, तक्रार कर. माझं कुठे चुकलं? (सध्या आम्ही दोघी बोलत नाही.)

उत्तर : तुझा हिशेब बरोबर आहे आणि निकालही बरोबर आहे. तक्रार केलीस तर शाई वाया जाईल.

सीईटी एका दिवसात उरकत नाही. एवढ्या मुलांना एकदम बसवायला कॉम्प्युटर पुरत नाहीत, म्हणून ती बऱ्याच सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. दोन प्रश्नपत्रिका तंतोतंत सारख्या अवघड काढणं ही अशक्य कोटीतली गोष्ट आहे. मला एकाच वर्गाच्या ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीसाठी ते कधी जमलं नाही. ‘ब’वाले दरवर्षी भांडायला यायचे आणि खरं सांगायचं तर त्यांचं भांडण खरं असायचं. म्हणून मंडळी कच्चे मार्क बाजूला ठेवतात आणि एवढंच विचारतात : या मुलीच्या सत्रात बसलेल्या दर शंभरांपैकी किती जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी मार्क आहेत? येईल तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल.

आता समजा, तुझ्या सत्राला २५,००० मुलं होती. ९१.८० म्हणजे २२,९५० मुलं तुझ्या बरोबरीला किंवा मागे, त्यात तूही आलीस, आणि २,०५० पुढे. मैत्रिणीच्या सत्रालाही तेवढीच मुलं धर. ९२.६१ म्हणजे तिच्या पुढे साधारण १,८५०. तुझा पेपर सोपा गेला असणार, त्यामुळे १०४ ओलांडणारी पोरं जास्त निघाली. तिच्या पेपरात ९७ मिळवणंसुद्धा जड होतं. तुझी गाठ तिच्याशी पडलीच नव्हती, ती पडली तुझ्या सकाळच्या सत्रातल्या मुलांशी. सोपा पेपर आला म्हणून परीक्षा हॉलमधून हसत बाहेर येणाऱ्यांना हे कोणीतरी आधीच सांगायला हवं.

जाता जाता आणखी एक, कारण तीन पत्रांत हा घोळ आहे. एकूण पर्सेंटाइल म्हणजे विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नव्हे. आधी कच्च्या मार्कांची बेरीज होते आणि त्या बेरजेवर पर्सेंटाइल नव्याने काढतात. त्यामुळे तिन्ही विषयांत ९० च्या आसपास असलेल्या मुलाला एकूणात ९३ आलं, तर त्यात काही काळंबेरं नाही. तिन्ही विषयांत एकसारखी बरी असणारी मुलं थोडी असतात, म्हणून ती बेरजेत वर सरकतात.

आता तुझ्या सात अंकांकडे येऊ. ९१.८०४६२१३. किती अचूक दिसतं नाही? २५,००० मुलांच्या सत्रात एक मुलगा तुझ्या पुढून मागे गेला, तर तुझं पर्सेंटाइल ०.००४ ने हलतं. याहून लहान पाऊल त्या सत्रात टाकताच येत नाही. म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळानंतर जे काही छापलंय, तो भागाकाराचा भुसा आहे. १ ला ३ ने भागलं की ०.३३३३३३३ येतं, तसा. त्या भुशाचा उपयोग एवढाच की वेगवेगळ्या सत्रांतली मुलं एका यादीत लावताना सहसा कोणी कोणाला चिकटत नाही.

बरं, तिसऱ्या स्थळापर्यंत तरी तो पक्का आहे का? सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे : दोन्ही सत्रांत बसलेल्या मुलांची एकंदर कुवत सारखी आहे. घोळका २५,००० चा असला की हे बरंचसं खरं असतं. मी मागच्या रविवारी कागद घेऊन बसले. मुलं निव्वळ चिठ्ठ्या टाकून सत्रांत वाटली, कोणी काही लबाडी केली नाही, असं धरलं, तरी ९२ च्या आसपास नुसत्या योगायोगाने पर्सेंटाइल एक-दोन दशांश इकडेतिकडे होतं. आज एका सत्रात जरा जास्त हुशार मुलं आली, उद्या जरा कमी, एवढ्यानेच. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सगळ्या सत्रांची मिळून ४ लाख मुलं असतील, तर ०.२ पर्सेंटाइल म्हणजे गुणवत्ता यादीतले ८०० नंबर. आणि आपल्याकडे एका नामांकित कॉलेजाच्या एका शाखेची जागा मिळते की हुकते, ते याहून कितीतरी लहान फरकावर ठरतं. मला या परीक्षेचा राग आहे तो इथे. वजनकाटा किलोचा आहे आणि त्यावर मिलिग्रॅम छापलेत.

यावर लगेच विचारशील, मग सगळ्यांची एकाच दिवशी, एकाच पेपरवर का घेत नाहीत? मेडिकलची ‘नीट’ परीक्षा तशीच घेतात की! २०२४ साली ५ मे रोजी ४,७५० केंद्रांवर २३ लाखांहून जास्त मुलांनी एकच पेपर कागदावर सोडवला. तिथे सत्रांचा प्रश्नच नव्हता. पण एकच पेपर म्हणजे एकच गठ्ठा, आणि तो एके ठिकाणी फुटला की सगळीकडे फुटला. त्या वर्षी पेपरफुटीचं काय रामायण झालं ते तुला माहीत आहे. अनेक सत्रं घेतली तर तुलना लंगडी पडते, एकच सत्र घेतलं तर कुलपं कमी पडतात. यातून सुटका करणारी तिसरी वाट म्हणजे परीक्षेला एवढं महत्त्वच न देणं, पण तो निर्णय तुझ्या-माझ्या हातात नाही.

तुझ्या हातात ऑप्शन फॉर्म आहे, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने भरायची यादी. तो भरताना बरीच मुलं ‘हे मिळणारच नाही’ म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलतात किंवा गाळतात. तसं करू नकोस. यादी वरून खाली तपासली जाते आणि तुझ्या पर्सेंटाइलला जे पहिलं बसेल ते मिळतं. वर हुकलेलं नाव ठेवल्याने खालचं हातचं जात नाही. गेल्या दोन वर्षांचे कटऑफ बघ, पण दशांशानंतरचा एकच अंक वाच. बाकीचे अंगठ्याने झाक.

आणि मैत्रिणीला आजच फोन कर. तिने तुझे मार्क घेतलेले नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलाला दहावीला ८८ टक्के होते. दोन वर्षं इंटिग्रेटेड क्लासला घातलं, मागेल ते दिलं. आता सीईटीला ६१. म्हणजे फर्स्ट क्लासच्या काठावर! नातेवाइकांना काय सांगू?

उत्तर : नातेवाइकांना सांगा की ६१ टक्के नव्हे, ६१ पर्सेंटाइल आहे. आणि ते सांगण्याआधी स्वतः समजून घ्या. तुमच्या मुलाच्या सत्रात १०० मुलं धरली तर त्यातली ६१ त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे मार्क टक्क्यांत काढलेत तर ते ६१ पेक्षा बरेच कमी भरतील. ते काढून त्याला दाखवू मात्र नका.

तुमचा गोंधळ एकट्याचा नाही. २०२३ मध्ये डॉक्टरांच्या पदव्युत्तर नीटसाठी पात्रतेची अट ‘शून्य पर्सेंटाइल’पर्यंत खाली आणली, तेव्हा अर्ध्या देशाला वाटलं की शून्य मार्कवाल्याला एमडी करणार. प्रत्यक्षात शून्य पर्सेंटाइल म्हणजे जो परीक्षेला बसला तो प्रत्येक जण पात्र. निगेटिव्ह मार्किंगमुळे त्यात उणे मार्कवालेसुद्धा आले, म्हणजे लोकांना वाटलं त्याहून ते जास्तच होतं. असो.

दहावीचे ८८ आणि हे ६१ एका पट्टीवर ठेवता येत नाहीत. दहावीला तो सगळ्यांबरोबर बसला होता. इथे ज्यांना इंजिनिअरिंग करायचंय तेच बसले होते, आणि त्यातले बरेचसे तुमच्यासारखंच ‘मागेल ते’ देणाऱ्यांच्या घरचे होते. ६१ ला इंजिनिअरिंगचं दार बंद होत नाही. खुल्या गटाला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स मिळून ४५ टक्के हवेत, तेवढे आहेत का ते आधी बघा. पत्रात तुम्ही बारावीचे मार्कच लिहिलेले नाहीत, आणि मुलाला नेमकं काय करायचंय तेही.

प्रश्न : मी जेईई मेन (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा) आणि सीईटी दोन्ही देणार आहे. क्लासचे सर म्हणतात, येत नसेल तर तुक्का मारायचा नाही. मित्र म्हणतात, मारायचा. गणित काय म्हणतं?

उत्तर : गणित मित्रांच्या बाजूने आहे, पण अर्धवट.

सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे फुकटची लॉटरी नाकारणं. शेवटची तीन मिनिटं राखून ठेवायची आणि उरलेल्या सगळ्यांवर काहीतरी टिचकवायचं. फिजिक्स-केमिस्ट्रीला १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. काहीतरी उरणारच.

जेईई मेनमध्ये पर्यायांच्या प्रश्नाला बरोबरचे ४ आणि चुकीचा उणे १. चार पर्यायांवर डोळे मिटून बोट ठेवलंस तर चारात एकदा ४ मिळतात आणि तीनदा एकेक जातो. चार प्रश्नांत एकूण १ मार्क फायदा, म्हणजे प्रश्नामागे पाव मार्क. फारसा नाही, पण तोटा तर नाहीच. एक पर्याय ‘हा नक्की नाही’ म्हणून उडवता आला, तर प्रश्नामागे दोन तृतीयांश मार्क. दोन उडाले तर दीड. तेव्हा सरांचं ‘मारायचाच नाही’ हिशेबात बसत नाही.

मग ते तसं का सांगतात? कारण हा पाव मार्क सरासरीने मिळतो आणि परीक्षा तू एकदाच देतोस. दहा आंधळे तुक्के मारलेस तर हाती उणे १० सुद्धा येऊ शकतात. दुसरं असं की तुक्का मारायची सवय लागली की मुलं ज्या प्रश्नाला दोन मिनिटं दिल्यावर उत्तर आलं असतं, तिथेही बोट ठेवून पुढे जातात. एक तरी पर्याय कारणासह खोडता आला तर मार, नाहीतर सोड. हा माझा नियम आहे, गणिताचा नाही.

प्रश्न : २०२५ साली माझ्या भाचीच्या सीईटीच्या सत्रात गणितातले २१ प्रश्न चुकीचे निघाले. ५० पैकी २१! पुन्हा परीक्षा घेतली, झालं. कोणाला काही वाटलं नाही. आता धाकटी बसणार आहे. चुकीच्या प्रश्नाचे मार्क सगळ्यांना सरसकट दिले की प्रश्न मिटतो असं यांना खरंच वाटतं का?

उत्तर : २७ एप्रिलचं सकाळचं सत्र ते. सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा बसावं लागलं. तुमचा राग मला कळतो, आणि उत्तर देण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे, कारण चुकीचा प्रश्न मीही काढला आहे.

आमच्या कॉलेजच्या प्रीलिमचा पेपर होता. शून्यापासून पायपर्यंत कॉस एक्सच्या मॉडचं इंटिग्रल. उत्तर २. टाइप करताना चार पर्यायांतून तो २ गळला आणि त्या जागी ४ पडला. मी तपासला, माझ्या सहकाऱ्याने तपासला, दोघांनाही दिसलं नाही. पेपर संपल्यावर मुलं आली, मी कपाळावर हात मारला आणि ‘सगळ्यांना दोन-दोन मार्क’ असं जाहीर करून टाकलं. मला वाटलं, मिटलं.

उत्तरपत्रिका तपासताना एका मुलीचं कच्चं काम हातात आलं. वर्गात ती पहिल्या पाचात असायची. तिने ते गणित चार वेळा केलं होतं. पहिल्यांदा पाय भागिले दोनला तोडून, दोन तुकडे करून : उत्तर २. पर्यायांत नाही. दुसऱ्यांदा आलेख काढून, क्षेत्रफळ मोजून : पुन्हा २. आलेख पेन्सिलने काढलेला, छायांकितसुद्धा केलेला, इतका देखणा की मी फळ्यावर काढत नाही तसा. तिसऱ्यांदा पुन्हा पहिलीच रीत, एकेक पायरी अधोरेखित करत. आणि चौथ्यांदा तिने मॉडचे दोन दांडे गाळले. मॉड काढून टाकला की कॉस एक्सचं इंटिग्रल शून्य येतं, आणि शून्य पर्यायांत होतं. तिने वरची तिन्ही बरोबर उत्तरं एका तिरक्या रेघेने खोडली आणि शून्यावर खूण केली.

त्या एका गणिताने पानभर जागा खाल्ली होती. वेळ किती खाल्ला ते मी तिला विचारलं. म्हणाली, ‘अकरा मिनिटं असतील, बाई. शेवटचे सहा प्रश्न राहिले.’

मी दिलेले दोन मार्क तिला मिळाले. ज्याने तो प्रश्न वाचलाही नाही त्यालाही मिळाले, आणि त्याने ती अकरा मिनिटं दुसरीकडे वापरली होती. म्हणजे चुकीच्या प्रश्नाचा भुर्दंड नेमका तिच्यावर पडला जिला तो सोडवता येत होता. तिला आपल्याच बरोबर उत्तरावर रेघ मारावी लागली, त्याचे मार्क कुठल्या रकान्यात देणार? मी तिची माफी मागितली. तिला ते काय करावं कळेना, तिने माझ्याकडे बघून ‘थँक्यू’ म्हटलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, सरसकट मार्कांनी मिटत नाही. २१ प्रश्नांच्या बाबतीत फेरपरीक्षा घेतली हे त्यातल्या त्यात बरं झालं. एवढ्या प्रश्नांचे मार्क वाटले असते तर त्या सत्राचं पर्सेंटाइल म्हणजे निव्वळ विनोद झाला असता.

मार्क वाटण्याचा विनोद बघायचा असेल तर २०२४ ची नीट बघा. १८० प्रश्न, प्रत्येकी ४, एकूण ७२०. एक प्रश्न सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. मधले ७१९ आणि ७१८ कुठल्याही वाटेने येऊच शकत नाहीत, हे सातवीतलं पोरही सांगेल. निकालात ते आले. वेळ वाया गेल्याची भरपाई म्हणून १,५६३ मुलांना वाढीव मार्क दिले होते. ६७ जणांना पैकीच्या पैकी पडले. त्यातल्या ४४ जणांचे एका फिजिक्सच्या प्रश्नामुळे, कारण त्याची दोन उत्तरं बरोबर धरली होती. मग वाढीव मार्क रद्द झाले, २३ जूनला त्या १,५६३ मुलांना पुन्हा परीक्षेची संधी मिळाली आणि त्यातली ८१३ बसली. फिजिक्सच्या प्रश्नाचं एकच उत्तर बरोबर ठरवायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयातून आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडे गेलं. शेवटी ७२० वाले उरले १७. अणूवरचा एक प्रश्न सोडवायला देशाला अडीच महिने लागले आणि मुलांना दिला होता एक मिनिट.

धाकटीला एवढं शिकवा : दोन वेळा वेगवेगळ्या रीतीने केल्यावर तेच उत्तर आलं आणि ते पर्यायांत नसलं, तर तिसऱ्यांदा करू नकोस. प्रश्न क्रमांक कच्च्या कागदावर लिही, जवळचं काहीतरी टिचकव आणि पुढे जा. अँसर की आली की त्यावर आक्षेप घेण्याची मुदत असते, शुल्क भरून का होईना. तेव्हा भांडायचं. हॉलमध्ये बसून पेपर काढणाऱ्याशी भांडायचं नाही, तो तिथे नसतो.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची. नीटचे दोन प्रयत्न झाले, आता तिसऱ्या प्रयत्नासाठी ड्रॉप (कुठेही प्रवेश न घेता वर्षभर नुसती तयारी) घ्यायचा म्हणते. वडील तयार आहेत. मला भीती वाटते. ती जेवायला बाहेर येत नाही, रात्रभर दिवा चालू असतो, काही विचारलं की ‘माझे ४३८ आहेत, मला कशाला विचारता’ असं म्हणते. परवा म्हणाली, मी नसते तर तुमचे पैसे तरी वाचले असते. तिला अजून एक वर्ष द्यावं का?

उत्तर : वर्षाचा प्रश्न बाजूला ठेवा, परवाचं वाक्य आधी. ते रागाच्या भरात आलंय असं समजून सोडून देऊ नका. तिच्या खोलीत जाऊन बसा आणि सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार नव्याने मनात भरत नाही, उलट कोणीतरी विचारलं याने मूल मोकळं होतं. उत्तर काहीही आलं तरी याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि ‘हो’ आलं तर त्याच दिवशी, तोवर तिला एकटी सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो तिच्याही फोनमध्ये घाला आणि तुमच्याही. आधी तुम्ही स्वतः लावून बघा, म्हणजे तिला सांगताना अवघड जाणार नाही.

ती जेवायला आणि झोपायला लागली की मग दुसरा प्रश्न. नीटला वयाची वरची अट नाही आणि किती वेळा द्यायची याची मर्यादा नाही. आयआयटीची जेईई ॲडव्हान्स्ड दोनदा झाली की संपते, मनात असो वा नसो. नीट संपत नाही, त्यामुळे थांबायचं कधी हे घरातच ठरवावं लागतं, आणि घरात ते कोणीच बोलत नाही. वडील तयार आहेत म्हणता. त्यांना विचारा, चौथ्या वर्षालाही तयार आहेत का? तिसरं सुरू होण्याआधी हे ठरलेलं बरं.

ठरवायला मार्कांचीच मदत घ्या. गेल्या दोन वर्षांत तिने ज्या सराव परीक्षा दिल्या, त्यांचे मार्क तारखेने एका कागदावर उतरवायला सांगा. तुम्ही उतरवू नका, तिला उतरवू द्या. शेवटचे सहा-आठ महिने आकडे चढत असतील, तर आणखी एका वर्षाला काही अर्थ आहे. ४२० आणि ४५० च्या मध्येच झोके घेत असतील, तर तीच पुस्तकं, तोच क्लास आणि तेच वेळापत्रक घेऊन तिसऱ्या वर्षी वेगळं काही होण्याची शक्यता कमी आहे. तेव्हा फिजिओथेरपी, नर्सिंग, बी.एस्सी. यांच्या प्रवेशाच्या तारखा बघून ठेवा. तारखा उलटून गेल्या की ड्रॉप आपोआप घेतला जातो, आणि मग सगळे म्हणतात आम्ही विचार करून घेतला. कुठेतरी प्रवेश घेऊन पुन्हा नीट देणारीही मुलं असतात, तो पर्याय तिच्यापुढे ठेवा.

४३८ चं म्हणाल तर ती स्वतःची ओळखच त्या आकड्याने करून देते आहे, आणि ते तिला कोणीतरी शिकवलंय. पाहुणे आले की ‘किती पडले?’ हा प्रश्न तुमच्या घरात पहिला येतो का, ते आठवून बघा. येत असेल तर दारातच थोपवा. ‘ती झोपली आहे’ म्हणा. खोटं बोलल्याचं पाप माझ्या नावावर.

जागा संपत आली. फक्त फोटो आणि प्रश्नचिन्ह पाठवणाऱ्या मुला, तुझा फोटो धूसर आला आहे. पर्सेंटाइलचा पहिला अंक १ आहे की ७, ते भिंग लावूनही कळलं नाही. उजेडात धरून पुन्हा काढ, आणि तुला नेमकं काय विचारायचंय तेही दोन ओळींत लिही.